वखारीतली वही आणि कारंजाची लूट

रिठदहून वाशीम, मंगरूळपीर करत कारंजा लाडला गेलात तर जुन्या वेशी जरूर बघा. 1670 च्या अखेरीस शिवाजी महाराजांच्या फौजेनं हे श्रीमंत व्यापारी गाव लुटलं. चार हजार बैल-गाढवांवर लादलेला माल, किंमत एक कोटी. हा आकडा तुम्ही वाचला असेलच. बायकांचे कपडे घालून निसटलेले तेवढे सावकार वाचले, हेही.

त्याच 1670 साली लंडनमध्ये हडसन बे कंपनीला सनद मिळाली. कॅनडाच्या गोठलेल्या उत्तरेत 1684 मध्ये तिनं यॉर्क फॅक्टरी हे ठाणं उभारलं. (फॅक्टरी म्हणजे इथं वखार, कारखाना नव्हे. मीही आधी फसले होते.) तिथं रोजनिशी लिहिली जायची, हिशेब ठेवला जायचा: बीव्हरची कातडी किती आली, बदल्यात काय दिलं. माल लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असायचा.

कारंजाची बातमी लिहिणारे इंग्रज मात्र पश्चिम किनाऱ्यावरच्या वखारींत, शेकडो किलोमीटर लांब. ऑक्टोबरमध्येच सुरत दुसऱ्यांदा लुटली गेलेली, त्यामुळे मनात धास्ती असणारच. मग एक कोटी खोटे? तसं म्हणायला आधार नाही. माझ्या प्रकरणात मी ‘एवढी लूट झाली’ हे वाक्य खोडून ‘एवढी लूट झाल्याचं वखारीत कळलं’ असं केलंय.