घोड्याचे डोके झटकणे

माशी बसलेली नसताना किंवा कोणी डिवचले नसताना घोडा वारंवार डोके वर-खाली वा आडवे झटकत असेल, तर बहुधा त्याला कुठेतरी दुखत असते. ही खोड समजून चाबूक उगारणे अन्यायाचे आहे. खारबाव-भिवंडीसारख्या दमट पट्ट्यात पावसाळ्यात चिलटांमुळेही मान झटकली जाते, पण चिलटे हटली की ते थांबते.

पहिला संशय दाढांवर घ्यावा. घोड्याचे दात वर्षाला सुमारे 2 ते 3 मिमी. हिरडीबाहेर सरकतात आणि चघळताना झिजतात. वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असल्याने वरच्या दाढांची गालाकडची आणि खालच्या दाढांची जिभेकडची कड पुरती झिजत नाही. तिला धार चढते. लगाम ओढला की गाल त्या धारेवर दाबला जातो. नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याच्या घोडेबाजारात ओठ उचलून पुढच्या दातांवरून वय जोखतात. त्या पाहणीत दाढांच्या कडा दिसत नाहीत. पशुवैद्य तोंडाला चौकट लावून, बॅटरीच्या उजेडात त्या तपासतो आणि कानशीने घासतो.

लगामाचे लोखंड जीभ व हिरडी सोलते. काटेरी लगाम तर भारवाही जनावरांसाठीच्या 1965 च्या केंद्रीय नियमांनुसार निषिद्धच आहे. लगाम काढून, नुसत्या मोरखीवर घोडा फिरवावा. झटके थांबले तर दोष तोंडात किंवा लगामात असण्याची शक्यता जास्त. माथेरानसारख्या, प्रवाशांना घोड्यावर बसवून नेणाऱ्या ठिकाणी ही चाचणी स्वाराच्या सुरक्षिततेसाठीही करावी.

झटके थांबले नाहीत तर कानातील गोचीड, डोळ्यातील जखम, सायनसचा संसर्ग, मानेचे दुखणे, पाठीला लागणारे खोगीर हे सारे पाहावे लागते.

एवढे करूनही काही सापडले नाही, तर चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या ट्रायजेमिनल चेतेचा विकार संभवतो. ही चेता क्षुल्लक कारणानेही चेतते. घोडा विजेचा धक्का बसल्यासारखा नाक उडवतो, फुरफुरतो, चालता चालता पुढच्या पायावर नाक घासतो. ऊन, वारा आणि दौड यांनी त्रास वाढतो. काही घोड्यांत तो ठरावीक ऋतूतच होतो. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र चेता निरोगी दिसते, म्हणून इतर कारणे वगळूनच निदान होते. नाकपुड्यांवर जाळी बांधल्याने अनेकांना आराम पडतो. ज्यांना पडत नाही, त्यांना स्वारीच्या कामातून काढावे.