प्रेसिडेंटचे हृदयांतर

'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण परगावचे लोक विनोद समजतात. माझा मेहुणा तिला सरकारी आदेश समजतो. सासरेबुवांची १९७३ सालची प्रीमियर प्रेसिडेंट, म्हणजे जिला पुढे 'पद्मिनी' नाव मिळालं ती फियाट, त्याच्या वाट्याला आली आहे. तिचं १०८९ सी.सी.चं, चाळीसेक अश्वशक्तीचं बिडाचं इंजिन काढायचं, ॲल्युमिनियमचं बसवायचं आणि त्याला दोन टर्बो जोडायचे, असा त्याचा बेत.

"दाजी, तुम्ही कॉमर्सवाले. इंजिनाचं मी बघतो, तुम्ही फक्त कर्जाचं बघा!"

कर्ज द्यायचं तर अर्जदाराचं कूळ तपासावं, ही बँकेची रीत. म्हणून मी टर्बोची वंशावळ काढली.

मूळ पुरुष आल्फ्रेड ब्यूखी, राहणार स्वित्झर्लंड, पेटंट १९०५ सालचं. इंजिन बरीचशी उष्णता धुराबरोबर फुकट घालवतं, हे त्याला खुपलं. त्या धुराच्या झोतावर त्याने एक चक्र फिरवलं आणि त्याच्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने ताजी हवा दाबून इंजिनात भरली. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त जळतं, म्हणून जोर जास्त. आमच्या भाषेत ही बुडीत खात्यातली वसुली. ब्यूखीबद्दल मला एकदम आदर वाटू लागला.

१९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर आली. ॲल्युमिनियमचं साडेतीन लिटरचं इंजिन आणि वर टर्बो. पण हवा दाबली की तापते, आणि तापल्या हवेत पेट्रोल अवेळी भडकून इंजिन ठोके देऊ लागतं. त्यावर उपाय म्हणून कंपनीने इंजिनाला शुद्ध पाणी आणि मेथेनॉल यांचं मिश्रण वेगळ्या टाकीतून पाजायची सोय केली. मालक ती टाकी भरायला विसरत. शेवटी कित्येकांनी टर्बोच काढून टाकला आणि १९६३ नंतर गाडीच बंद झाली. मे महिन्यात पारा बेचाळिशी ओलांडतो आणि माणसं टँकरची वाट बघतात, अशा आमच्या गावात मोटारीला कोण पाणी पाजणार? मेहुणा म्हणाला, आता हवा गार करायला इंटरकूलर असतो. असेल. पण परभणीत तो बिचारा गार हवा आणणार कुठून?

जर्मनीचं म्हणाल, तर बीएमडब्ल्यूने १७० अश्वशक्तीची '२००२ टर्बो' आणली तीही १९७३ सालीच. लगोलग तेलाचे भाव भडकले आणि जेमतेम सतराशे गाड्या निघून कारभार आटोपला. सासरेबुवांची चाळीस अश्वशक्ती मात्र परभणीत चालतच राहिली.

आता टर्बो दोन का? मोठं चक्र जड, वेग घ्यायला वेळ लावतं. पाय दाबल्यावर गाडीला क्षणभराने कळतं, हेड ऑफिसला पाठवलेल्या अर्जासारखं. दोन लहान चक्रं चटकन फिरतात. कारखान्यातून दोन टर्बो घेऊन बाहेर पडलेली पहिली मोटार म्हणजे १९८१ची माझेराटी बायटर्बो. तिचं इंजिन दोन लिटरचं, कारण त्याहून मोठ्या इंजिनावर इटलीत जबर कर होता. म्हणजे या गतीच्या वेडामागेही करबचत होतीच की! कॉमर्सच्या पदवीचा मला प्रथमच अभिमान वाटला.

वंशावळ इथवर आली आणि एक कागद हाती लागला. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरची गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. अट एकच : सांगाडा, चासी आणि इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. मग ती रोज बाजारात नेता येत नाही, प्रदर्शन-रॅलीपुरतीच बाहेर काढायची. निवृत्त प्रेसिडेंटला शोभेल असंच.

मी तो नियम मेहुण्यापुढे ठेवला, आणि सोबत सासरेबुवांची वही. पेट्रोलचा प्रत्येक लिटर तारीखवार लिहिलेला. पहिल्या पानावर इंजिन नंबर. एका पानावर मात्र हिशेबच नाही, एवढंच : 'दवाखान्यातून घरी. बाळ-बाळंतीण सुखरूप. गाडी हळू चालवली.'

ते बाळ बराच वेळ वही धरून बसलं. मग म्हणालं, "दाजी, हिचं इंजिन राहू द्या."

मी सुटकेचा निःश्वास टाकणार, तोच ते पुढे म्हणालं, "दोन टर्बोंसाठी दुसरी जुनी फियाट बघितलीय. आता तिच्या किमतीसकट कर्ज किती बसेल?"