सयामांतील संघाचें राज्य

भगवान बुद्धांनीं कुशिनारा येथें देह ठेवला, तेव्हां आपल्या मागें कोणासहि गादीवर बसविलें नाहीं. देवदत्तानें संघाचें आधिपत्य मागितलें होतें. तें त्यांनीं पूर्वींच नाकारलें होतें. भिक्षूंनीं एकत्र जमावें, ठराव तीनदां वाचून दाखवावा व मौन हीच संमति समजावी, अशी ती जुनी रीत. तींत अधिपतीचें आसनच नव्हतें.

सयाम देशांत, ज्यास आज थायलंड म्हणतात, या संघास अधिपति मिळाला, आणि तो राजसत्तेकडून मिळाला. पूर्वीं तेथील खेड्यापाड्यांतले विहार बव्हंशीं आपापल्या रीतीनें चालत. १९०२ सालीं राजा चुलालंकरण यानें कायदा करून त्यांना एका साखळींत ओवलें. विहाराचा प्रमुख, त्यावर तालुक्याचा, त्यावर प्रांताचा. जी मुलकी अंमलदारांची उतरंड, तीच काषायवस्त्रधाऱ्यांची! शिखरावर आठ थेरांचें 'महाथेर समागम' नांवाचें मंडळ. मौज अशी कीं, संघराजाचें पद तेव्हां रिकामें होतें व राजानें तें अखेरपर्यंत भरलें नाहीं. १९१० सालीं तो वारल्यावरच त्याचे सावत्र बंधु वजिरज्ञान, जे स्वतः मोठे विद्वान् भिक्षु होते, संघराज झाले.

हे धम्मयुत निकायाचे. हा निकाय राजा मोंगकुट यानें, गादीवर येण्यापूर्वीं भिक्षु असतांना, स्थापिला. संख्येनें लहान, पण दरबारीं वजनदार. बहुसंख्य महानिकायांतील तरुण भिक्षूंना हें सलत होतें. १९३२ च्या क्रांतीनें राजाची अनियंत्रित सत्ता गेली, तेव्हां त्यांनाहि धीर आला. १९४१ च्या कायद्यानें संघास जणू पार्लमेंटच दिलें: पंचेचाळीस थेरांची संघसभा, संघमंत्र्यांचें मंडळ व विनयाचीं न्यायालयें. जुन्या संघरीतीच्या हें अधिक जवळचें होतें, असें म्हणण्यास हरकत नाहीं; मात्र हा सांचाहि नव्या राज्यघटनेवरूनच उचलला होता.

मग सेनापति सरित यांचा अंमल आला. राज्यांत पार्लमेंट उरलें नाहीं, तें संघांत कसें उरावें? १९६२ च्या कायद्यानें सभा व मंत्रिमंडळ मोडून सर्व सत्ता पुनः संघराज व महाथेर समागम यांच्या हातीं गेली. महानिकायाचे थोर भिक्षु फ्रा फिमोनथम हे जुन्या व्यवस्थेंत संघमंत्री होते. १९६० सालीं त्यांची पदवी काढून घेण्यांत आली. १९६२ सालीं साम्यवादी असल्याच्या आरोपावरून त्यांना कैद करून बळेंच चीवर उतरविण्यांत आलें. आपण भिक्षुत्व सोडलें, असें त्यांनीं कधींच मानलें नाहीं. १९६६ सालीं लष्करी न्यायालयानें त्यांना निर्दोष ठरविलें. पदवी परत मिळावयास १९७५ साल उजाडलें. ज्या विनयांत भिक्षूचा दोष भिक्षूंनींच पाहावयाचा, त्या विनयाचें या प्रकरणांत काय झालें, हें उघड आहे.

पुढें १९९२ च्या दुरुस्तीनें, पदवीनें जो ज्येष्ठतम तोच संघराज, असें ठरलें. २०१६ सालीं समागमानें त्याप्रमाणें नांव सुचविलें, तें सरकारनें अडवून धरलें. कारण एका जुन्या मोटारीच्या कराचें प्रकरण. अखेर कायदाच बदलला. २०१७ सालीं राजानें आपल्या पसंतीचा, धम्मयुत निकायाचा, संघराज नेमला व २०१८ सालीं समागमाचे सभासद नेमण्याचा अधिकारहि राजाकडे गेला.