पूर्णेवरचा डोंगा

मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही आमच्या जिल्ह्यातली जुनी रेल्वेस्टेशनं. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची ही वाट 1867 मध्ये नागपूरला पोचली, ती आमच्याकडे सगळी पूर्णा नदीच्या दक्षिणेनं. नदीच्या उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत पसरलेला जळगाव जामोद आणि संग्रामपूरचा मुलूख तेव्हापासून ‘पल्याडचा’ झाला. गाडी अल्याड, कापसाचा मोठा बाजार अल्याड. 1905 साली जळगाव तालुका अकोल्यातून काढून बुलढाण्याला जोडला, तेव्हा तर जिल्ह्याचं ठाणंच घाट चढून गाठावं लागू लागलं.

माझं आजोळ या पल्याडच्या काठावरचं. उन्हाळ्या-हिवाळ्यात नदी पायउतार असायची, बैलगाड्या उतारातून जायच्या. मृग लागला की मात्र डोंग्याशिवाय गत नव्हती. काळ्या मातीचे उभे काठ पावसात असे निसरडे होत की नदीपर्यंत पोचणं हेच अर्धं काम. डोंगा चालवणाऱ्या भोई घराण्याच्या गोष्टी मी आजोबांकडून ऐकल्या, आणि त्यांच्या बरोबरीच्या एका म्हाताऱ्या नावाड्याकडून. आम्ही त्यांना बाबाजी म्हणत असू.

डोंगा सागवानी फळ्यांचा, बुडाला सपाट. सांध्यांत अंबाडीचा वाख ठोसून वरून डांबर. दर वर्षी मृगाआधी तो पालथा घालून डागडुजी व्हायची. पूर असताना तो सरळ समोर कधीच सोडत नसत. आधी दोर लावून काठाकाठानं बराच वर ओढत न्यायचा, मग माणसं बसवून धारेत घालायचा. धार त्याला खाली खेचायची, बाबाजी बांबूनं आडवा रेटायचे, आणि तिरका तिरका सरकत तो पलीकडच्या घाटाला बरोबर लागायचा. किती वरून सोडायचा, हा अंदाज ज्याला आला तोच नावाडी. बैल डोंग्यात घेत नसत. ते पोहत, आणि पोरं त्यांच्या शेपट्या धरून पार होत.

पाणी ओळखण्याची बाबाजींची रीत मला अजून पाठ आहे. “पानी लाल आलं का समजाचं, पहाडात लय बरसला. मंग डोंगा सोडाचा नाई, तहसीलदार उभा रायला तरी.” वाण नदीसारखे सातपुड्यातून उतरणारे प्रवाह पूर्णेला मिळतात. इकडे ऊन असलं तरी तिकडचा लोंढा रात्रीतून येतो. पाण्यावर फेस, पालापाचोळा, तुटक्या फांद्या दिसू लागल्या की डोंगा वर ओढून झाडाला बांधला जाई.

अशाच एका रात्री एका घरचं आजारी लेकरू शेगावला न्यायचं होतं. बाबाजींच्या वडिलांनी डोंगा सोडला नाही. सकाळी पाणी उतरलं तेव्हा उशीर झाला होता. आजोबा सांगत, त्या घरानं नावाड्याचा वाटा कधी थांबवला नाही, आणि त्यानंही त्या घरची ज्वारी पुन्हा कधी घेतली नाही. दोघांनी या गोष्टीचा आयुष्यभर उच्चार केला नाही.

ज्वारी म्हणजे त्याची मजुरी. दोन्ही काठांच्या गावांकडून तो पैसे घेत नसे. सुगीला खळ्यावर जाऊन धान्य घ्यायचा. परक्या वाटसरूकडून तेवढे आणे. पोळ्याला, महालक्ष्म्यांना माहेरी येणाऱ्या लेकींना तर परक्या गावच्या असल्या तरी तो तसंच उतरवून देई. माझी आई लग्नानंतर पहिल्यांदा महालक्ष्म्यांना आली तेव्हा नदी काठोकाठ होती, आणि तिनं उतरल्याबरोबर आधी पूर्णामायची ओटी भरली.

सगळ्यात मोठी गर्दी ऋषिपंचमीला. शेगावच्या गजानन महाराजांनी 1910 साली याच तिथीला समाधी घेतली. नेमकी ती भादव्यात, नदी भरलेली असताना. सातपुड्याच्या पायथ्याची माणसं पहाटेपासून घाटावर बसून असत. धारेच्या मध्यावर डोंगा हेलकावला की म्हाताऱ्या महाराजांची नर्मदेतली कथा आठवत. नावेला भोक पडतं आणि नर्मदा स्वतः कोळिणीच्या रूपानं ती तारून नेते. ‘गजानन विजय’ ग्रंथातला हा प्रसंग आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक आहे. पण पूर्णेच्या धारेत बसून तो ऐकणं वेगळं, असं आजी म्हणायची.

पुढे पूल झाले. नांदुरा–जळगाव जामोद रस्त्यावर येरळीला, शेगाव–वरवट बकाल रस्त्यावर खिरोड्याला. एसटी सुरू झाली आणि डोंगा काठावर पडून सुकला. बाबाजींची मुलं मासेमारीत गेली, काही मजुरीला. पूल झाले हे फार चांगलं झालं. ते लेकरू पुलाच्या काळात वाचलं असतं. तरी पहाडातल्या पावसाचं गणित बदललेलं नाही. 22 जुलै 2023 ला संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत ढगफुटीसारखा पाऊस झाला, तेव्हा नदीनाल्यांनी गावं आणि शेतं धुऊन नेली.

आता नांदुरा तालुक्यात पूर्णेवर जिगावचं धरण होत आहे. काठावरची तीसहून अधिक गावं त्यात पूर्ण जाणार, आणि त्यांच्याबरोबर पाण्याला उतरणाऱ्या त्यांच्या जुन्या वाटाही. जिल्ह्याचा इतिहास सांगताना आपण सिंदखेडराजा सांगतो, लोणार सांगतो. ज्या भोयांनी पिढ्यान्‌पिढ्या अर्धा तालुका पार केला त्यांचं नाव त्यात नाही, आणि हे मला अन्यायाचं वाटतं. पुनर्वसनाच्या कागदांत घरं, विहिरी, झाडं मोजली जातात. घाटही नोंदवले जावेत. आणि तुमचं गाव पूर्णाकाठचं असेल, घरात कोणी ऐंशीच्या पुढचं असेल, तर या दिवाळीत त्यांच्याजवळ बसा. डोंगा कुठल्या घाटावरून सुटायचा, कोण चालवायचं, खळ्यावर किती ज्वारी द्यायचे, हे विचारा आणि नावानिशी लिहून ठेवा.