सैरंध्रीचे चंदन

अमुक अत्तर लावणारी स्त्री अमुक स्वभावाची असते, असे मत हल्ली जाहिरातींतून वारंवार मांडले जाते. गुलाब आवडतो ती प्रेमळ, चंदन आवडते ती शांत, कस्तुरीची हौस असेल ती मानी, अशी कोष्टकेच तयार असतात. हे मत नवे आहे असे मात्र समजण्याचे कारण नाही. आमच्या घरांतून आणि देवळांच्या सभामंडपांतून ते पिढ्यान् पिढ्या वावरत आले आहे. त्याची भाषा तेवढी निराळी होती. वेणीत सोनचाफा माळणारी सून सुलक्षणी, उग्र अत्तर लावून आलेली नखरेल, आणि जिच्या वाट्याला वैधव्य आले तिने गंधाकडे पाहूच नये, असे निवाडे बेलाशक दिलेले आम्ही ऐकले आहेत. स्त्रीच्या अंगचा सुगंध तिच्याविषयी खरोखर काय सांगतो, हा प्रश्न म्हणूनच आम्हांस एकदा इतिहासाला विचारावासा वाटतो.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे, की आमच्या परंपरेत गंध ही केवळ चैनीची वस्तू नव्हे. न्याय आणि वैशेषिक दर्शनांनी गंध हा पृथ्वीचा विशेष गुण मानला आणि पृथ्वीला गंधवती म्हटले. गीतेच्या सातव्या अध्यायात भगवंतांनी पृथ्वीच्या ठायी असलेला पवित्र गंध ही आपलीच विभूती असल्याचे सांगितले आहे. पंचोपचार पूजेत पहिला मान गंधाचा. पुष्प, धूप, दीप आणि नैवेद्य हे त्याच्या मागून येतात. तेव्हा जी वस्तू देवाला सर्वांआधी अर्पण करावयाची, ती स्त्रीने लावताच तिच्या शीलाची परीक्षा सुरू व्हावी, हे मुळातच चमत्कारिक आहे.

पृथ्वीचे हे गंधवती नाव महाभारतात एका स्त्रीलाही मिळाले. यमुनेवर नाव चालविणारी सत्यवती ही दाशराजाने वाढविलेली कन्या. अंगाला येणाऱ्या माशांच्या वासामुळे लोक तिला मत्स्यगंधा म्हणत. पराशर ऋषी वर देण्यास सिद्ध झाले, तेव्हा तिने आपल्या देहाला उत्तम सुगंध लाभावा एवढेच मागितले. त्यानंतर योजनभर अंतरावरून तिचा सुवास येऊ लागला आणि ती योजनगंधा झाली. पुढे त्याच सुवासाचा माग काढीत शंतनू राजा यमुनातीरी आला आणि ती हस्तिनापूरची राणी झाली.

कथा येथेच संपती, तर सुगंधाने स्त्रीचे भाग्य उघडते एवढाच तिचा बोध निघाला असता. परंतु व्यासांनी ती येथे संपविली नाही. दोन्ही पुत्र निवर्तल्यावर कुरुवंश बुडण्याच्या बेतात होता. त्या वेळी सूत्रे हाती घेतली ती सत्यवतीनेच. विवाहापूर्वी झालेल्या पुत्राची हकिगत भीष्माजवळ उघड करून तिने त्याला, म्हणजे व्यासांना, बोलावून घेतले. पंडूच्या मृत्यूनंतर पुढचे दिवस वाईट आहेत हे ओळखून ती सुनांसह तपोवनात निघून गेली. सुगंधाने तिला राजवाड्याच्या दारापर्यंत आणले हे खरे. आत जी स्त्री वावरली तिचे मोठेपण त्या सुगंधात कोठेच सापडत नाही.

दुसरे उदाहरण याहून हृदयद्रावक आहे. अज्ञातवासाच्या वर्षी द्रौपदी विराटाच्या नगरीत सुदेष्णा राणीकडे सैरंध्री म्हणून राहिली. सैरंध्री म्हणजे परगृही राहून आपल्या कलेवर उपजीविका करणारी स्त्री. केशरचना करावी, विलेपने वाटावीत, फुलांच्या माळा गुंफाव्यात, ही तिची कामे. आणि ती आपणांस येतात असे द्रौपदीने स्वतःच राणीला सांगितले आहे. पुढे कीचकाने छळ मांडल्यावर ती रात्री पाकशाळेत भीमाकडे गेली आणि आपले दुःख सांगता सांगता तिने आपले हात त्याच्यापुढे धरले. चंदन उगाळून त्या हातांना घट्टे पडले होते. दुसऱ्या कोणी उगाळलेले चंदन मत्स्यराजाला रुचत नाही, असे ती म्हणाली. भीमाने ते हात आपल्या मुखाशी नेले आणि तो रडू लागला.

हा प्रसंग वाचताना आम्हांस नेहमी वाटते, की सुगंधाचा सारा इतिहास या दोन हातांत आहे. विराटाच्या सभेत जो चंदनाचा परिमळ दरवळत असेल, त्यावरून कोणीही राजाच्या रसिकतेची वाखाणणी केली असती. तो परिमळ ज्या हातांतून निघाला, ते हात सम्राज्ञीचे होते, हे कोणास ठाऊक नव्हते. भागवतातील मथुरेची त्रिवक्रा, जिला आपण कुब्जा म्हणतो, तीही कंसाची विलेपने सिद्ध करणारी. भागवताने तिलाही सैरंध्रीच म्हटले आहे. तिची उटी अंगी लावण्याआधी श्रीकृष्णाने तिच्या वाकलेल्या देहाचा विधिनिषेध बाळगला नाही.

पुराणकथा सोडून शास्त्रग्रंथांकडे वळलो, तरी हाच अनुभव येतो. स्त्रियांनी शिकावयाच्या म्हणून कामसूत्रात ज्या चौसष्ट कला सांगितल्या आहेत, त्यांत गंधयुक्ती, म्हणजे सुगंधी द्रव्यांची जुळणी, ही एक आहे. ही कला किती काटेकोर होती हे पाहावयाचे असल्यास सहाव्या शतकातील वराहमिहिराची बृहत्संहिता पाहावी. अवंतीच्या या ज्योतिर्विदाने गंधयुक्तीवर एक स्वतंत्र अध्याय लिहिला आहे. १६ द्रव्यांतून कोणतीही ४ निवडावयाची झाल्यास ती १८२० प्रकारे निवडता येतात, असे त्याने त्यात सांगितले आहे. निवडलेल्या चार द्रव्यांचे एक, दोन, तीन आणि चार असे भाग अदलून बदलून घेतले, तर प्रत्येक निवडीचे २४ प्रकार होतात आणि एकूण संख्या ४३,६८० वर जाते. ज्या विद्येला इतके गणित लागते, ती अंगी असणाऱ्या स्त्रीला केवळ नखरेल ठरविणे हे अज्ञानाचे लक्षण होय.

कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचलेल्या मानसोल्लासातही विलेपनांचे विस्तृत वर्णन आहे. गंगाधर नावाच्या पंडिताचा गंधसार हा ग्रंथ तर सर्वस्वी याच विषयाला वाहिलेला आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील परशुराम कृष्ण गोडे यांनी विद्वानांचे लक्ष या ग्रंथाकडे वेधले. पुढे १९८९ साली वडोदऱ्याच्या प्राच्यविद्या मंदिराने गायकवाड ग्रंथमालेत तो प्रसिद्ध केला. त्याच्या जोडीला गंधवाद हा अज्ञात कर्त्याचा ग्रंथ असून त्यावर जुन्या मराठीत टीका आहे. आमच्या भाषेतही या विद्येचा अभ्यास होत होता, याचा हा लेखी पुरावा. गंगाधराने आरंभीच गंधशास्त्राची प्रयोजने दिली आहेत. देवपूजा, राजाचा संतोष, दारिद्र्याचा परिहार ही तर त्यांत आहेतच; आणि विदग्ध स्त्रियांच्या चित्ताला होणारा आनंद हेही एक प्रयोजन त्याने मानले आहे. विदग्ध म्हणजे जाणकार, रसिक. स्त्री सुगंध लावते ती दुसऱ्याने तिची पारख करावी म्हणून नव्हे, तर ती स्वतः पारखी असते म्हणून, हा अर्थ त्या एका शब्दात सामावलेला आहे.

मोगल दरबारातील एक हकिगतही येथे सांगण्यासारखी आहे. गुलाबाचे अत्तर नूरजहानने शोधून काढले, ही आख्यायिका सर्वतोमुखी आहे. खुद्द जहांगीर बादशहाने आपल्या आत्मवृत्तात मात्र निराळे लिहून ठेवले आहे. हा शोध नूरजहानच्या आईचा, अस्मत बेगमचा. गुलाबपाणी करताना सुरयांतून ऊन ऊन पाणी ताटांत ओतले, की त्यावर एक तवंग धरत असे. तो तिने थोडा थोडा करून गोळा केला. त्याचा एक थेंब तळहाताला चोळला असता सारी मजलिस सुगंधित होते, असे बादशहा म्हणतो. सलीमा सुलतान बेगमने त्याला इत्र-ई-जहांगिरी असे नाव दिले आणि बादशहाने अस्मत बेगमला मोत्यांची माळ बक्षीस दिली. शोध आईचा, नाव बादशहाचे आणि लोकांच्या तोंडी कीर्ती लेकीची, असा हा प्रकार झाला. ताटावरच्या तवंगाकडे इतरांचीही दृष्टी गेली असेल. त्याचे मोल जाणून तो टिपून घेणारी स्त्री एकच निघाली.

आता या इतिहासाची काळी बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती आमच्या अगदी जवळची आहे. पती प्रवासाला गेला असता पत्नीने शरीरसंस्कार वर्ज्य करावेत, असे याज्ञवल्क्य स्मृतीत आहे. स्कंदपुराणाच्या काशीखंडात विधवेला सुगंधी द्रव्ये निषिद्ध ठरविली आहेत, महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात ही वचने नमूद केली आहेत. म्हणजे गंधवती ही पदवी स्त्रीची न राहता तिच्या सौभाग्याची झाली. गंध तिच्या अंगावर, पण सत्ता दुसऱ्याची. हळदीकुंकवाच्या समारंभात मनगटाला अत्तर लावीत आणि गुलाबपाणी शिंपडीत सुवासिनींची ओळ पुढे सरकत असता, माजघराच्या दाराआड उभी राहिलेली घरातलीच एखादी आत्या वा काकू आमच्या वाचकांपैकी पुष्कळांना आठवत असेल. त्या समारंभासाठी चंदन उगाळण्याचे काम कित्येकदा तिनेच केलेले असे. सैरंध्रीचे हात ते हेच.

काळ पालटत आहे, पण सावकाश. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली गोदूबाईंशी पुनर्विवाह केला आणि १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला. त्यानंतर शतकाहून अधिक काळ लोटला आणि मे २०२२ मध्ये बेळगावपासून फार दूर नसलेल्या, कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवेचे कुंकू पुसणे आणि बांगड्या फोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही हाच कित्ता गिरविण्याचे आवाहन केले. असा ठराव करण्याची वेळ एकविसाव्या शतकातही यावी, यावरूनच रूढीची मुळे किती खोल गेली आहेत हे कळते.

गोव्यातील स्त्रिया अबोलीचे वळेसर किती हौसेने माळतात, आणि देवीलाही ते किती आवडीने वाहतात, हे सर्वांना ठाऊक आहे. अबोलीला गंध नसतो. सुरंगी आणि ओवळ ही फुले सुकली तरी त्यांचा वास जात नाही. म्हणून अबोली माळणारीला स्वभावच नाही आणि सुरंगी माळणारीचा स्वभाव मात्र चिवट, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. फूल तिने निवडले, एवढेच खरे. ती निवड करण्याची मोकळीक सर्व स्त्रियांना आहे की नाही, हा प्रश्न तिच्या स्वभावाच्या चिकित्सेहून अधिक महत्त्वाचा आहे.

येत्या संक्रांतीला आमच्या देवळांतून आणि घरांतून हळदीकुंकवे होतील. अत्तरदाणी हाती घेणाऱ्या भगिनींना आमची एवढीच विनंती, की दाराआड कोणी उभी असेल तर तिला आत बोलवावे आणि तिचा हात पुढे घेऊन त्यालाही अत्तर लावावे.