जयगड खाडीतील खारफुटी
जयगड खाडीतील खारफुटी हा रत्नागिरी जिल्ह्यात शास्त्री नदीच्या मुखाजवळ, भरती-ओहोटीच्या चिखलात वाढणारा क्षारसहिष्णू वनस्पतींचा समूह आहे. तिवर, कांदळ व चिप्पी या कोकणच्या खाड्यांतील प्रमुख खारफुटी वनस्पती होत. तिवराच्या पानांवरील ग्रंथी जादा मीठ बाहेर टाकतात. कांदळाची मुळे बरेचसे मीठ आत येऊच देत नाहीत. चिखलात प्राणवायू कमी असल्याने तिवर व चिप्पीची श्वसनमुळे जमिनीबाहेर वर येतात. खारफुटी किनाऱ्याची धूप रोखते आणि मासे, कोळंबी व खेकड्यांच्या पिल्लांना आसरा देते. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातील खारफुटीच्या तोडीस मनाई केली. मात्र भराव किंवा बांधामुळे भरतीचे पाणी अडल्यास ही झाडे न तोडताही मरतात.