गाढवाला थंडी वाजते का? जुन्नरच्या हिवाळ्यात त्याला ऊब आणि आडोसा कसा द्यावा?

दिवाळी सरली की जुन्नर-आंबेगावात वीटभट्ट्या पेटतात आणि थंडीही सुरू होते. लेण्याद्रीच्या डोंगराखाली, कुकडीच्या खोऱ्यात पहाटे पारा दहा अंशांच्या खाली उतरतो. दिवसभर माती आणि विटा वाहणारं गाढव मात्र रात्री बहुधा उघड्यावरच असतं. ‘गाढवाला काय होतंय!’ असं म्हणून विषय संपतो. प्रत्यक्षात त्याला घोड्यापेक्षा जास्त थंडी वाजते.

गाढव मूळचं आफ्रिकेतल्या कोरड्या, उष्ण प्रदेशातलं. घोड्याच्या अंगावर हिवाळ्यात दाट केस येतात, गाढवाचे तेवढे वाढत नाहीत. ब्रिटनमध्ये घोडे, खेचरं आणि गाढवं यांच्या केसांची वेगवेगळ्या ऋतूंत तुलना झाली, तेव्हाही हेच दिसलं. गाढवाच्या केसांवरून पाणी नीट निथळत नाही, त्यामुळे दव किंवा अवकाळी पाऊस थेट कातडीपर्यंत पोचतो. त्यात अंग जितकं लहान, तितकी ऊब लवकर निघून जाते. परदेशात हौसेनं पाळली जाणारी बुटकी गाढवं मूळची सिसिली आणि सार्डिनियाची. आपल्याकडचं करड्या रंगाचं गाढवही काही फार उंच नसतं. सगळ्यात जास्त धोका शिंगराला.

थंडीपेक्षा वाईट असतो वारा आणि ओल. भट्टीवर तुटक्या विटांना तोटा नसतो. त्यांच्या तीन भिंती आणि वर पत्रा एवढ्यानंही वारा अडतो. खाली उसाचं पाचट किंवा भाताचा पेंढा जाड अंथरावा, आणि ओला झालेला भाग रोज काढावा. ओल्या जमिनीवर सतत उभं राहिलं की खूर सडतात. अंगावर गोणपाट टाकायला हरकत नाही, पण कोरडंच. भिजलेलं गोणपाट नसलेलं बरं. दोन गाढवं एकत्र ठेवली तर एकमेकांची ऊबही मिळते. पेटत्या भट्टीला खेटून बांधणं मात्र चुकीचं. तिथला धूर आणि वायू छातीत जातो.

खरी शेकोटी पोटात असते. कडबा, सरमाड यांसारखा तंतुमय चारा मोठ्या आतड्यात आंबतो आणि त्यातून उष्णता तयार होते. म्हणून थंडीत चारा वाढवावा, एकदम धान्य नको. पाणी गार असलं की गाढव कमी पितं आणि चारा आतड्यात अडकून पोटशूळ उठतो. पाण्यात थोडं गरम पाणी मिसळलं तरी फरक पडतो. एक गोष्ट लक्षात ठेवायलाच हवी: गाढवानं खाणं सोडलं तर थांबून बघू नये. उपाशी गाढवाच्या रक्तात चरबी झपाट्यानं वाढते आणि ते जिवावर बेततं. पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा क्रमांक आहे.

पौष पौर्णिमेला जेजुरीत गाढवांचा बाजार भरतो, म्हणजे ऐन थंडीतच. तिथून आणलेल्या जनावराला पहिले काही दिवस ओझ्याला न जुंपता आडोशाला ठेवलेलं चांगलं. देशात २०१२ मध्ये सुमारे ३.२ लाख गाढवं होती, २०१९ च्या पशुगणनेत ती १.२ लाखांवर आली.

जुन्नरमध्ये आडोशाला आणखी एक कारण आहे: बिबट्या. याच दिवसांत ऊसतोड चालते आणि उसात मुक्काम ठोकलेले बिबटे जागा बदलतात. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र उगीच नाही! अशा भागात रात्री पुढचे पाय बांधून चरायला सोडलेल्या गाढवाला ना पळता येतं, ना लाथ नीट मारता येते. त्यामुळे तीन भिंतींच्या त्याच निवाऱ्याची चौथी बाजू मजबूत जाळीच्या दारानं बंद करावी, भिंत आणि पत्रा यांत फट ठेवू नये, आणि आत गेल्यावर पायबंद सोडावा. नुसता दिवा लावून भागत नाही. बिबट्या दिसला किंवा हल्ला झाला तर वन विभागाचा क्रमांक १९२६.